आंडोया: वरून पडणारा फुगा आणि बाबांचे प्रश्न

दिवस पहिला: ऑस्लो ते आंडेनेस

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर नॉर्वेत आलेलं सगळं जग लोफोटेनच्या बेटांवर जातं आणि आम्ही चौघं उत्तरेकडच्या आंडोया बेटाला कशाला गेलो ते कळायचं नाही. बाबा हवामान खात्यातून रिटायर झालेत, थोडी वर्षं पुणे, बाकी नोकरी बाहेरगावी, आणि त्यांचं काम म्हणजे फुगे सोडणं. पहाटे एक आणि संध्याकाळी एक. हायड्रोजन भरायचा, खाली रेडिओसोंड, म्हणजे हवा मोजून रेडिओने कळवणारं छोटं यंत्र, बांधायचं, सोडून द्यायचं आणि तो वर जाताना तापमान, दाब, आर्द्रता जे काय येत राहतं ते घेत बसायचं. नशीब चांगलं असेल तर तीसेक किलोमीटरपर्यंत जातो, मग फुटतो. "फुटला की आमचं आकाश संपलं," असं ते म्हणतात.

आणि मी ऑस्लोला राहते. मागच्या जूनमध्ये रात्री साडेबारा-एकला बाल्कनीतून उत्तरेकडे निळसर चांदीसारखे ढग चमकताना दिसले, म्हटलं हे काय आता, शोधलं तर कळलं की हे ढग ८२-८३ किलोमीटरवर असतात, नॉक्टिल्युसंट म्हणतात त्यांना. तिथून मी जी घुसले ती घुसलेच. हे एवढ्या उंचीवरचं तापमान मोजलं कुणी, कसं मोजलं, तिथे विमान जात नाही, फुगा जात नाही, आणि उपग्रह एवढ्या खाली आला तर टिकत नाही. उत्तर असं मिळालं की आंडोया नावाच्या बेटावरून रॉकेटने घडी घातलेला एक फुगा शंभर-एकशेदहा किलोमीटरवर न्यायचे, तिथे तो फुगायचा, आणि मग तो नुसता पडायचा. पडताना रडारने बघत राहायचं. बास. ही गोष्ट मी बाबांना जेवताना सांगितली आणि आई लगेच म्हणाली, "झालं, आता हे लोफोटेनला काही येत नाहीत."

तर जुलैत निघालो. ऑस्लोहून एव्हेनेसला विमान, तिथून भाड्याची गाडी. ई-१० ने जायचं, मग सोर्टलँडच्या दिशेने, आणि तिथून ८२ नंबरचा रस्ता उत्तरेला. तीन तास धरा, आम्हाला पाच लागले कारण आईला प्रत्येक फ्योर्डला थांबायचं होतं. सोर्टलँडला बरीच घरं निळ्या रंगाची आहेत, मुद्दाम रंगवलीयत, तिथे कॉफी आणि वाफल खाल्ले. ब्राऊन चीज बाबांना आवडलं, खव्यासारखं लागतं म्हणाले, आई म्हणाली खव्याचा अपमान करू नका.

रिसोयहाम्नच्या पुलावरून आंडोयावर उतरलो की देखावा एकदम बदलतो. सपाट दलदल, मैलोन्मैल, आणि कडेला अचानक उभे डोंगर. मुल्टे म्हणजे क्लाउडबेरी इथे भरपूर असतात पण त्या ऑगस्टमध्ये पिकतात, आम्हाला नुसती पानं दिसली. नवरा गाडी चालवत होता, मागे बाबांचा क्लास चालू होता.

"त्या फुग्याच्या आत काय असतं? सेन्सर कुठला?"

"काही नाही बाबा. रिकामा असतो."

"ट्रान्समीटर?"

"तो पण नाही."

यावर बाबा बराच वेळ गप्प होते, मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे पायलट बलूनच की गं. उलटा."

आता हे मला माहीत नव्हतं, म्हणून तुम्हालाही सांगते. रेडिओसोंडशिवाय खात्यात अजून एक फुगा सोडतात, छोटा, त्याला काहीही बांधलेलं नसतं. तो ठराविक वेगाने वर जातो असं धरायचं आणि थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतून, त्याच्याकडे बघत राहायचं, मिनिटामिनिटाला कोन लिहायचे, त्यावरून कुठल्या उंचीवर वारा किती आणि कुठल्या दिशेला ते निघतं. फुगा स्वतः काही मोजत नाही, त्याचं जाणं हेच माप. आणि मी इतके दिवस पेपर वाचून जे समजून घ्यायचा प्रयत्न करत होते ते बाबांनी गाडीत बसल्या बसल्या एका वाक्यात संपवलं. नवरा आरशातून माझ्याकडे बघून हसत होता.

आंडेनेसला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ, ऊन लख्ख. लाल दीपगृह लांबूनच दिसतं, १८५९ चं आहे, ४० मीटर उंच. रूमचे पडदे जाड होते म्हणून झोप लागली.

दिवस दुसरा: धुकं, ओक्सेबोसेन, आणि खरा विषय

सकाळी खिडकीबाहेर पांढरं. समोरचं दुकान दिसेना. व्हेल सफारी तिसऱ्या दिवसाची होती त्यामुळे नुकसान काही नाही, आम्ही रॉकेट सेंटरच्या स्पेसशिप ऑरोरा नावाच्या प्रदर्शनाला गेलो. आंडेनेसच्या बाहेर पडलं की थोड्या अंतरावर डोंगर आणि समुद्राच्या मधे एक अरुंद पट्टा आहे, ओक्सेबोसेन, तिथे हे सगळं. लहान मुलं असतील तर नक्की न्या, रॉकेट मिशनचा एक खेळ आहे त्यात सगळ्यांना वेगवेगळी कामं देतात. आईला कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसायला मिळालं, तिचा फोटो आता सगळ्या नातेवाइकांकडे पोचलाय.

इथून पहिलं रॉकेट उडालं १८ ऑगस्ट १९६२ ला. नायकी-काजुन जातीचं, नाव फर्डिनांड-१. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले आपल्या केरळातल्या थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट नायकी-अपाची होतं, २१ नोव्हेंबर १९६३. म्हणजे पंधरा महिन्यांचा फरक, आणि दोन्हीचा खालचा टप्पा तोच अमेरिकन नायकी. जागा निवडायचं कारण पण जुळ्यासारखंच, थुंबा चुंबकीय विषुववृत्तावर म्हणून, आंडोया ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली म्हणून. दोन्हीकडे मासेमारीचं गाव आणि समोर समुद्र, रॉकेटं पाडायला मोकळा. थुंब्याहून पुढे सोव्हिएत एम-१०० रॉकेटं वर्षानुवर्षं दर आठवड्याला उडायची, हवामानाची, आणि आपल्या आरएच-२०० रॉकेटमधून तांब्याच्या बारीक तारांचा पुंजका सोडून वारा मोजायचे. बाबांच्या बॅचचे काहीजण तिकडच्या आकडेवारीवर काम करायचे म्हणे, त्यांचा जरा हेवा वाटायचा हे पण आज कळलं.

१९९५ ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. २५ जानेवारीला इथून ब्लॅक ब्रँट रॉकेट सोडलं, ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी, आणि रशियन रडारवाल्यांना ते पाणबुडीतून आलेलं क्षेपणास्त्र वाटलं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अणुहल्ल्याचा आदेश द्यायची बॅग उघडली गेली. नॉर्वेने आधी कळवलं होतं, पण निरोप रडारपर्यंत पोचलाच नव्हता. सरकारी कागद कुठे अडकतो याचा बाबांना चाळीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे त्यांना यात काही आश्चर्य वाटलं नाही.

बाहेर आलो तरी धुकं तसंच. मग आम्ही थर्मासमधला चहा काढून गाडीतच बसलो आणि बाबांनी खिशातून कागद काढला ज्यावर रात्री जागून प्रश्न लिहिले होते. उजेडामुळे झोप येत नव्हती म्हणे. पुढचे दोन तास जे झालं ते जमेल तसं लिहिते, ज्यांना यात रस नाही त्यांनी सरळ तिसऱ्या दिवसावर जा, तिथे व्हेल आहेत.

आधी फुगा. एक मीटर व्यासाचा गोळा, मायलरचा, म्हणजे वाढदिवसाला ते चंदेरी फुगे आणतो ना तसल्याच प्लास्टिकवर धातूचा थर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्याची घडी घालून तो एका बारीक नळकांड्यात बसवतात, जाडी फक्त दोन इंचांच्या जरा वर. या नळकांड्याला डार्ट म्हणतात आणि त्याला स्वतःचं इंजिन नसतं. खालचं सुपर लोकी नावाचं रॉकेट मोटर दोन-एक सेकंदच जळतं, तेवढ्यात डार्टला आवाजाच्या पाचपट वेगाच्या आसपास नेऊन सोडतं, आणि पुढे डार्ट नुसत्या त्या धक्क्यावर शंभर किलोमीटरच्या वर जातो. बारीक असल्यामुळे हवेचा अडथळा कमी. वर पोचल्यावर गोळा बाहेर फेकला जातो, आत आयसोपेंटेनची छोटी कुपी असते ती फुटते, हे द्रव २८ अंशालाच उकळतं आणि तिथे तर बाहेर जवळपास निर्वात, त्यामुळे लगेच वाफ होऊन गोळा टणक फुगतो.

"दाब किती आतला?"

दहा-बारा मिलिबार. इथे बाबा हसले. मला कळेना का. मग त्यांनी समजावलं की बारा मिलिबार म्हणजे साधारण तीस किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तोच, म्हणजे हा गोळा वरून पडत पडत तीस किलोमीटरला आला की बाहेरचा दाब आतल्याइतका होणार आणि तो चेपणार. बरोबर तसंच होतं. तिथे गोळा आकार सोडतो आणि मोजमाप संपतं. "म्हणजे जिथे माझा फुगा फुटतो तिथे यांचा चेपतो. खालून आम्ही आणायचं, वरून यांनी." मला हा योगायोग इतका आवडला की मी अजून सगळ्यांना सांगत फिरतेय. अर्थात पूर्ण योगायोगही नाही म्हणा, आतला दाब जास्त ठेवायचा तर प्लास्टिक जाड घ्यावं लागणार, मग वजन वाढणार, आणि वजन वाढलं तर वरच्या विरळ हवेला तो जुमानणारच नाही.

आता मोजायचं कसं. रडार गोळ्याची जागा सेकंदाला कित्येक वेळा टिपतं. जागेवरून वेग, वेगावरून त्वरण. गोळा गुरुत्वाकर्षणाने जितका वेगात यायला हवा होता त्यापेक्षा किती मंदावला, ते मंदावणं म्हणजे हवेने केलेला अडथळा. अडथळ्याचं सूत्र कॉलेजातलंच आहे, घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ गुणिले ड्रॅग कोइफिशंट (म्हणजे त्या आकाराला हवा किती अडवते तो आकडा) आणि त्याच्या निम्मं. बाकी सगळं माहीत असेल तर घनता निघते. वारा कसा, तर गोळा आडवा किती ढकलला गेला त्यावरून. आणि तापमान सगळ्यात शेवटी, कारण ते थेट मोजतच नाहीत. कुठल्याही उंचीवरचा दाब म्हणजे तिच्या वरच्या सगळ्या हवेचं वजन, तर वरपासून घनता बेरीज करत खाली यायचं, दाब मिळाला, दाबाला घनतेने भागलं की तापमान.

"आणि सगळ्यात वरच्या टोकाला तापमान किती धरायचं?"

हा प्रश्न त्यांच्या कागदावर दोनदा अधोरेखित होता. तिथे अंदाजच धरावा लागतो, कुठल्यातरी मॉडेलमधून किंवा दुसऱ्या मोजमापातून. पण खाली येताना हवा इतकी झपाट्याने दाट होत जाते की दहा-एक किलोमीटर खाली आलं की त्या सुरुवातीच्या अंदाजाचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. म्हणून वरच्या टोकाचे आकडे जपून घ्यायचे, ९० किलोमीटरच्या खाली आलं की भरवसा वाढतो. बाबांनी मान डोलावली आणि कागदावर टिक केली, मला दहावीची तोंडी परीक्षा आठवली.

दुसरा प्रश्न ड्रॅग कोइफिशंटचा, आणि हा सगळ्यात अवघड निघाला. हा आकडा कायम एकच नसतो. गोळा ९० किलोमीटरला असतो तेव्हा सेकंदाला पाच-सहाशे मीटरने पडत असतो, आवाजाच्या वेगाच्या दुप्पट वगैरे. ७० किलोमीटरच्या जवळपास तो आवाजाच्या वेगाच्या खाली येतो आणि नेमका तिथे ड्रॅग कोइफिशंट झपकन बदलतो, त्यामुळे त्या पट्ट्यात उत्तर जरा डळमळीत होतं. चाळीस किलोमीटरला तर तो सेकंदाला चाळीस मीटरच्या आसपासच असतो, आरामात तरंगल्यासारखा. इतक्या वेगवेगळ्या वेगांना आणि इतक्या विरळ हवेत गोळ्याला अडथळा किती हे १९७० च्या सुमारास बेली आणि हायट या दोघांनी अमेरिकेत प्रयोगशाळेत मोजून ठेवलं, त्यांच्या तक्त्यांवरच पुढचं सगळं उभं आहे. बघा म्हणजे, रॉकेटवाल्यांचे फोटो असतात सगळीकडे, तक्तेवाल्यांचे नसतात.

तिसरा प्रश्न बाबांनी विचारला नाही, सांगितला. "हे लोक उभा वारा शून्य धरत असणार." बरोबर. गोळा मंदावला तो घनतेमुळे की खालून वर येणाऱ्या हवेमुळे, हे एकट्या गोळ्यावरून वेगळं काढता येत नाही, म्हणून उभा वारा नाहीच असं धरतात. "आम्ही पण तेच करायचो. फुगा ठराविक वेगाने चढतोय असं धरायचं. उन्हाळ्यात दुपारी चढायचा दुप्पट वेगाने, आम्हाला दिसायचं, पण लिहायचं तेच." इथे आईने विचारलं की इतकी वर्षं खोटं लिहीत होतात का, त्यावर बाबा थोडे रागावले. खोटं नाही, गृहीत धरलेलं, आणि ते गृहीत धरलंय हे फॉर्मवर छापलेलं असतं. मला वाटतं हा फरक त्यांना फार महत्त्वाचा आहे.

आणि बारीकसारीक गोष्टी किती दिसतात, तर वेगावर अवलंबून. ८५ किलोमीटरला गोळा इतका जोरात पडत असतो की आठेक किलोमीटरपेक्षा छोटा चढउतार त्याला कळत नाही, ६० ला तीन किलोमीटर, ४० ला किलोमीटरपेक्षाही कमी. म्हणजे जितका हळू तितकं बारीक. हे फ्रान्सिस श्मिडलिन यांनी नीट मांडलंय, नासाच्या वॉलॉप्स बेटावर ते वर्षानुवर्षं हेच काम करत होते, १९९१ चा त्यांचा पेपर या विषयातलं मूळ पुस्तक समजतात.

कल्पना त्याहून जुनी आहे. १९५० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी एरोबी रॉकेटमधून चार फुटी नायलॉनचा गोळा सोडला होता, १९५६ ला त्यावर पेपर आला. मग छोटा टणक गोळा करून आत त्वरण मोजायचं यंत्र बसवलं. मग अमेरिकन हवाई दलासाठी एक मीटरचा पातळ मायलरचा रॉबिन नावाचा गोळा आला, त्याच्या आत रडारसाठी चंदेरी कोपरे बसवलेले असायचे. पुढे पूर्ण गोळ्यालाच धातूचा थर दिला, कोपरे गेले. त्या यंत्रानंतर दर पिढीला आतून काहीतरी काढून टाकत गेले. यंत्र सुधारताना आपण सहसा त्यात भर घालतो, इथे उलट झालं.

धुकं दुपारी तीनला उठलं. समोर एकदम समुद्र, डोंगर, आणि वर रामनान नावाच्या शिखरावर अलोमार वेधशाळा दिसली, ३७९ मीटरवर. तिथून १९९४ पासून लेसरने वरची हवा मोजतात, १.८ मीटरच्या दोन दुर्बिणी आहेत. लेसरला रॉकेट लागत नाही, महिनोन्महिने चालवता येतो. मात्र आज सकाळसारखं धुकं असलं की लेसरवाले कॉफी पीत बसणार, आणि फुगेवाले उडवणार, कारण रडारला धुक्याशी देणंघेणं नाही. बाबांची सहानुभूती अर्थातच फुगेवाल्यांना.

दिवस तिसरा: व्हेल, ब्लाइक, आणि जुलैतली थंडी

व्हेल सफारी सकाळची. आंडेनेसच्या जवळ समुद्रतळाला एकदम खोल दरी आहे, ब्लाइक कॅनियन, त्यामुळे स्पर्म व्हेल किनाऱ्यापासून इतक्या जवळ मिळतात. इथे येतात ते नर. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, टाकून त्यांचे क्लिक ऐकतात, मग बोट त्या दिशेने. आम्हाला दिसले, शेपटी वर काढून बुडी मारताना दिसले, आई रडली, मी उलटी केली, गोळी आधी घ्या एवढंच सांगते.

संध्याकाळी ब्लाइकला गेलो. पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा, समोर समुद्रात त्रिकोणी ब्लाइकसोया, त्यावर हजारो पफिन. रात्री अकराला वाळूत चादर टाकून बसलो, सूर्य समोर, आणि तापमान अकरा अंश. जॅकेट, टोपी, सगळं. बाबा म्हणाले वर किती असेल आत्ता.

हेच सांगायला मी थांबले होते. आत्ता, भर उन्हाळ्यात, चोवीस तास ऊन असताना, आपल्या डोक्यावर ८८ किलोमीटरला सुमारे १३० केल्विन. म्हणजे उणे १४३ अंश. पृथ्वीच्या हवेत यापेक्षा थंड जागा नाही, आणि ती उन्हाळ्यातच इतकी थंड असते, हिवाळ्यात अंधारात ती बरीच उबदार होते.

बाबांनी सरळ सांगितलं की हे शक्य नाही. मग परत कागद. कारण असं आहे की खालच्या हवेत डोंगरांमुळे, वादळांमुळे लाटा उठतात, त्या वर वर जातात, हवा विरळ होत जाते तशा मोठ्या होतात आणि ८०-९० किलोमीटरच्या आसपास फुटतात, किनाऱ्यावर फुटतात तशाच. फुटताना त्या तिथल्या वाऱ्याला ब्रेक लावतात. त्यामुळे उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे हवा वाहायला लागते, मग उन्हाळी ध्रुवावर खालून हवा वर उचलली जाते, उचलली की पसरते, पसरली की थंड. ऊन तापवतंय त्यापेक्षा हे उचलणं जास्त थंड करतं. पलीकडच्या ध्रुवावर हवा खाली दाबली जाते, तिथे गरम.

आणि हे नुसतं गणितात नाही, पडणाऱ्या गोळ्यांनी मोजलेलं आहे. फ्रान्झ-योसेफ ल्युबकेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९९९ साली इथल्या उन्हाळ्याचा पूर्ण तक्ता छापला, एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, ८९ गोळ्यांवरून. अजूनही कुणी नवं मॉडेल केलं की त्या तक्त्याशी ताडून बघतात. त्याच माणसाने १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, अंटार्क्टिकाच्या रोथेरा तळावरून २४ गोळे सोडले, कारण बऱ्याच जणांना वाटत होतं दक्षिणेकडे वर तितकी थंडी नसेल. निघालं जवळपास तेवढंच. आईने विचारलं चोवीस रॉकेटं अंटार्क्टिकाला नेली कशी. बोटीने असणार, पण प्रश्न योग्य आहे, मोठं रॉकेट असतं तर जमलं नसतं, हे दोन माणसं उचलतील इतकं छोटं म्हणून जमलं.

एवढ्या थंडीमुळेच तिथे जे नावापुरतं पाणी असतं ते गोठतं आणि ते माझे चमकणारे ढग होतात. गंमत म्हणजे जिथे त्यांचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला त्या आंडोयाहून जून-जुलैत ते डोळ्याला दिसतच नाहीत, सूर्यच मावळत नाही तर दिसणार कसे. लेसरला दिसतात. आणि ऑस्लोला माझ्या बाल्कनीतून मला फुकट. बाबा म्हणाले मग एवढे पैसे घालून इकडे कशाला आलो. त्यांनीच तर आणलं.

दिवस चौथा: फेरीने सेन्याला

आंडेनेसहून ग्रिलेफ्योर्डला उन्हाळ्यात फेरी असते, पावणेदोन तास, समुद्र मोकळा आहे त्यामुळे हलते. मी गोळी घेऊन डेकवर बसले. बाबांनी नॅपकिनवर गोळा ९० पासून ३० पर्यंत यायला किती वेळ लागेल त्याचा हिशोब केला. वरचे वीस किलोमीटर अर्ध्या-पाऊण मिनिटात, आणि शेवटचे दहा पाच-सहा मिनिटांत. आपला फुगा वर जायला दीड तास घेतो, त्यामुळे त्यांना हे फार घाईचं वाटलं. "चहा प्यायला पण वेळ नाही."

तिथेच एक्सप्लोरर-९ चा विषय निघाला, तो सांगून टाकते. १९६१ च्या फेब्रुवारीत वॉलॉप्सहून नासाने असाच रिकामा गोळा कक्षेत सोडला, १२ फुटी, कल्पना तीच, की आत काही नको, हवेच्या घर्षणाने कक्षा किती खाली येते त्यावरून शेकडो किलोमीटर उंचीवरची घनता काढायची. त्यात माग काढायला रेडिओ संदेश पाठवणारा एक बीकन मात्र ठेवला होता, आणि नेमका तोच पहिल्याच फेरीत बंद पडला. मग जगभरच्या बेकर-नन कॅमेऱ्यांनी आकाशात शोधून त्याचे फोटो काढत माग ठेवला. त्या जाळ्यातला एक कॅमेरा नैनीतालला होता. नुसत्या गोळ्याने काम चोख केलं. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती फेरीवरूनच जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, रेंज असेपर्यंत. पहिलं उत्तर आलं, "साहेब तब्येत कशी आहे, जेवण मिळतं का तिकडे." दुसऱ्याने विचारलं आयसोपेंटेन किती मिली असतं. मला शोधायला सांगितलंय.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नॉर्डमेलाच्या बाजूने, म्हणजे बेटाच्या पश्चिमेकडून आंडेनेसला या, तो रस्ता जास्त सुंदर आहे, आम्ही त्या बाजूने फक्त ब्लाइकपर्यंत गेलो. नॉर्डमेलालाच नवीन मोठ्या रॉकेटांचा तळ झालाय, ३० मार्च २०२५ ला तिथून जर्मन कंपनीचं स्पेक्ट्रम उडालं आणि अर्ध्या मिनिटात समुद्रात पडलं. फेरीचं बुकिंग आधी करा, जुलैत गाड्यांची रांग असते. शाकाहारी असाल तर रेमा किंवा कूप या किराणा दुकानांतून सामान घेऊन स्वयंपाक असलेली रूम बघा, आम्ही कुकर नेला होता. चमकणारे ढग बघायचे असतील तर आंडोयाला जुलैत जाऊ नका, ऑस्लो-स्टॉकहोम-डेन्मार्क या पट्ट्यात जूनच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत रात्री बारा ते दोनच्या मधे उत्तरेकडे बघा, क्षितिजाच्या जरा वर.

सेन्याचं वेगळं लिहीन, तिथे रॉकेट नाही त्यामुळे आईला बोलायला मिळालं.